रेल्वे थांबायची ब्रेक तपासायला, लोक म्हणायचे तंट्या मामाला सलाम करायला

इंदूरच्या पुढे महू लागतं आणि महूच्या पुढे पाताळपाणी. स्टेशन एवढंसं. बाजूला धबधबा आणि खाली खोल दरी. या मार्गावरून महू-खंडवा मीटरगेज गाडी वर्षानुवर्षं धावायची आणि पाताळपाणीला आली की थांबायची. कोणी चढणारं-उतरणारं असो वा नसो.

रेल्वेचं उत्तर सरळ होतं. पुढे कालाकुंडपर्यंत तीव्र उतार आहे. चाळीस फूट पुढे गेलं की रूळ एक फूट खाली, असा हा घाट. त्यामुळे तो उतरण्याआधी ब्रेक तपासावे लागतात.

आसपासच्या गावांत मात्र वेगळं उत्तर मिळायचं. गाडी तंट्या मामाला सलाम करायला थांबते. नाही थांबली तर दरीत जाईल.

हा तंट्या मामा म्हणजे तंट्या भिल्ल. इंग्रजांच्या दप्तरात दरोडेखोर, जबलपूरच्या कोर्टात फाशीचा कैदी आणि निमाड-खानदेशच्या भिल्ल वस्त्यांमध्ये देव. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो. त्या दिवशी नंदुरबार जिल्ह्यात मिरवणुका निघतात आणि त्यात बिरसा मुंडा, खाज्या नाईक यांच्या फोटोंशेजारी तंट्या मामाचाही फोटो दिसतो.

आता गंमत बघा. नंदुरबार तालुक्यातलं रनाळे घ्या, तापी खोऱ्यातलं शहादा घ्या किंवा सातपुड्यातलं धडगाव घ्या. तंट्याचा जन्म यातल्या कुठल्याच गावात झाला नाही, त्याचा खटला इथे चालला नाही आणि त्याला फाशीही इथे झाली नाही. तरी या सगळ्या पट्ट्यात तो घरचा माणूस आहे. जिथे जवळपास ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे, त्या जिल्ह्यात सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी फाशी गेलेला परमुलखातला माणूस मामा होतो, हे कसं घडलं?

त्यासाठी सुरुवात जमिनीच्या एका तुकड्यापासून करावी लागते.

पोखरची जमीन

तंट्याचा जन्म साधारण १८४२ चा. गाव बडदा, तेव्हाचा निमाड जिल्हा, आजचा मध्य प्रदेशातला खंडवा जिल्हा. वडिलांचं नाव भाऊसिंग. घर भिल्लाचं, पोट शेतीवर.

तंट्या लहानाचा मोठा झाला तो काळ या भागासाठी साधा नव्हता. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याआधी सातपुड्यातल्या भिल्ल नाईकांकडे घाटवाटांची राखण असायची. वाट सुरक्षित ठेवायची आणि त्या बदल्यात ठरलेला हक्क घ्यायचा, अशी ती रीत होती. नव्या राज्याने सुरुवातीला त्यांना बंदुकीने मोडून काढायचा प्रयत्न केला. ते जमेना तेव्हा १८२५ मध्ये जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. भिल्लांनाच नोकरी देऊन भिल्लांवर लक्ष ठेवायचं, असा तो डाव होता.

तो बराच काळ चाललाही. पण १८५७ मध्ये सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईकच इंग्रजांवर उलटला. भीमा नाईक त्याच्या सोबतीला होता. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातल्या आंबापाणीला मोठी लढाई झाली आणि भिल्लांची कत्तल झाली. पुढे खाज्या दग्याने मारला गेला, भीमाची रवानगी अंदमानला झाली. तंट्या तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा पोरगा होता.

म्हणजे लढाई त्याच्या आधीच हरून झाली होती. त्याच्या वाट्याला आला तो कागदांचा काळ.

निमाड १८६४ मध्ये मध्य प्रांतात गेला. या प्रांतात मालगुजारी पद्धत लागू करण्यात आली होती. गावचा सारा गोळा करून सरकारात भरणारा माणूस म्हणजे मालगुजार. आधी तो फक्त वसुली करणारा होता, नव्या बंदोबस्तात तो मालक ठरू लागला. जमीन कसणारा मात्र कूळ झाला. कुळाला थोडंफार संरक्षण देणारा कायदा मध्य प्रांतात आला १८८३ मध्ये. तोपर्यंत ज्याची बाकी थकली, त्याच्या पायाखालची जमीन सरकायला वेळ लागत नव्हता.

तंट्याच्या घरची जमीन पोखर नावाच्या गावात होती. वडील वारले, पावसाने दगा दिला आणि खंड थकला. जमीन हातातून गेली. तंट्या दाद मागायला गेला, पण त्याच्याकडे कागद नव्हता आणि समोरच्याकडे पाटीलकी होती. भांडण वाढलं, मारामारीपर्यंत गेलं आणि तंट्या तुरुंगात गेला.

त्याचं नाव तंट्या पडलं ते तंटा करण्यावरून, असंही सांगितलं जातं. खरंखोटं काहीही असो, नाव त्याला शोभलं. कारण त्याचा तंटा पुढे एका शेतापुरता उरला नाही.

गुन्हा काय? तर पोटापाण्याचं साधन नाही

शिक्षा भोगून बाहेर आलेला माणूस जातो कुठे? शेत गेलेलं, गावात नाव खराब झालेलं. तंट्या मजुरी करत होता आणि गावात काही चोरी झाली की पोलीस आधी त्याच्या दाराशी येत होते.

१८७४ मध्ये त्याला पुन्हा पकडलं. यावेळचं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. तेव्हाच्या फौजदारी कायद्यात एक तरतूद होती. ज्याच्याकडे उघड दिसणारं उपजीविकेचं साधन नाही, त्याच्याकडून चांगल्या वागणुकीची हमी मागता यायची. जामीनदार मिळाला नाही की सरळ तुरुंग. आता ज्याची जमीन गेली आहे त्याला जामीन राहणार कोण? तंट्या वर्षभर आत गेला.

आधी जमीन काढून घ्यायची आणि मग जमीन नाही म्हणून तुरुंगात टाकायचं, असं हे चक्र होतं. यात अडकलेला तंट्या एकटा नव्हता. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा आणला होता, ज्यात माणूस जन्मानेच संशयित ठरवला जायचा. १८७८ च्या वन कायद्याने जंगलावरचा लोकांचा वावर आणखी आवळला. शेत नाही, जंगलही नाही, अशी ही कोंडी होती.

१८७८ मध्ये तंट्याला तिसऱ्यांदा अटक झाली आणि खंडव्याच्या तुरुंगात टाकण्यात आलं. पण यावेळी तो शिक्षा भोगत बसला नाही. नोव्हेंबरच्या २४ तारखेला रात्री तो साथीदारांसह तुरुंगातून पळाला आणि सातपुड्याच्या जंगलात शिरला.

त्यानंतर पुढची जवळपास ११ वर्षं तो सरकारच्या हाती लागला नाही.

अकरा वर्षं तो सापडत का नव्हता?

लोककथेचं उत्तर ठरलेलं आहे. तंट्याला मंत्र यायचा. तो रूप बदलायचा. एकाच वेळी चार गावांत दिसायचा. गोळी त्याला लागायची नाही.

नकाशा उघडला की दुसरं उत्तर मिळतं. निमाड जिल्हा मध्य प्रांतात होता. त्याला लागून होळकरांचं इंदूर संस्थान. दक्षिणेला सातपुडा उतरलं की खानदेश आणि खानदेश होता मुंबई इलाख्यात. म्हणजे तंट्या ज्या जंगलात फिरत होता तिथे तीन वेगवेगळे कारभार एकमेकांना भिडत होते. पोलीस वेगळे, कोर्ट वेगळं, वरिष्ठ वेगळे. निमाडात दरोडा घालून तंट्या होळकरी हद्दीत गेला की पाठलाग करणाऱ्यांना आधी पत्रव्यवहार करावा लागायचा. पत्राचं उत्तर येईपर्यंत तंट्या खानदेशच्या बाजूला उतरलेला असायचा.

दुसरं कारण त्याची माणसं. दौल्या, बिजन्या हे त्याचे जवळचे साथीदार. टोळी एकत्र राहायची नाही. लहान लहान तुकड्या वेगवेगळ्या वाटेने जायच्या. आणि या डोंगरात कुणीही काही केलं तरी नाव तंट्याचंच व्हायचं. एकाच रात्री चार गावांत तंट्या दिसला, या अफवेमागे हेही एक कारण असू शकतं.

तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे गावं. जंगलातल्या माणसाला खायला भाकरी लागते, खबर लागते, आजारी पडल्यावर निवारा लागतो. गावाने साथ दिल्याशिवाय कोणताही फरारी इतकी वर्षं टिकत नाही. पोलिसांनी तंट्यासाठी खास पथकं लावली, त्याच्यावर मोठं इनाम ठेवलं. गावकरी गप्प राहिले.

गावं गप्प राहिली ती फक्त प्रेमाने, असं मात्र नाही. तंट्याची भीतीही होती. त्याच्या टोळीने दरोडे घातले, गावं लुटली. ज्यांनी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली त्यांच्यावर त्याने सूड उगवला. खबऱ्याचं नाक कापणं ही त्याची शिक्षा प्रसिद्ध होती. तंट्याला संत करून सांगणाऱ्या गोष्टींमध्ये हा भाग गाळला जातो, आणि त्याला फक्त दरोडेखोर म्हणणाऱ्या अहवालांमध्ये पोखरची जमीन गाळली जाते. खरा तंट्या समजायचा असेल तर दोन्ही गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात.

याच काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं तेही बघा. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जाचे कागद जाळले. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना सोबत घेऊन सरकारविरुद्ध बंड केलं. फडके काही महिन्यांत पकडले गेले. तंट्याकडे ना जाहीरनामा होता, ना स्वराज्याची आखणी. पण राग एकाच जातीचा होता. सावकाराची वही, सरकारचा सारा आणि त्यात गेलेली जमीन.

दरोडेखोराचा मामा झाला

तंट्या लुटायचा सावकार आणि मालगुजारांना. लुटीतला धान्याचा वाटा गरिबांच्या घरी पोचायचा. कुणाचं लग्न अडलं तर तंट्याकडून मदत यायची. असे किस्से निमाडात पिढ्यान् पिढ्या सांगितले जातात. यातला प्रत्येक किस्सा घडलाच असेल असं नाही. पण लोकांनी त्याला नाव काय दिलं, ते महत्त्वाचं आहे.

राजा म्हटलं नाही. सरदार म्हटलं नाही. मामा म्हटलं.

आपल्याकडे मामाचं काम सगळ्यांना माहीत आहे. घरातले निर्णय घेणारा बाप असतो, जमीनजुमला काकांशी वाटून घ्यायचा असतो. मामाचा त्यात हिस्सा नसतो. तो आहेर घेऊन येतो, लग्नात भाचीच्या पाठीशी उभा राहतो आणि बहिणीच्या घरी अडचण आली तर न बोलावता येतो. हक्क काही मागायचा नाही आणि वेळेला हजर राहायचं. ज्या माणसांना पाटलाने, सावकाराने आणि सरकारने फक्त मागितलं होतं, त्यांनी देणाऱ्या माणसासाठी हेच नातं निवडलं.

आणि पुढे याच नात्याने तंट्याचा घात झाला.

राखीचा दिवस

१८८९ पर्यंत परिस्थिती बदलली होती. जुने साथीदार एकेक करून पकडले गेले होते. तंट्या पन्नाशीकडे झुकलेला होता. रानात रोज जागा बदलत राहणं आता सोपं नव्हतं. सरकारकडून माफी मिळाली तर शस्त्र खाली ठेवायचं, असा विचार त्याच्या मनात घोळत होता आणि त्यासाठी मध्यस्थांमार्फत हालचाली सुरू होत्या.

या मध्यस्थांमध्ये गणपत नावाचा एक माणूस होता. राहणारा बणेर गावचा. त्याच्या बायकोला तंट्याने बहीण मानलं होतं.

११ ऑगस्ट १८८९. श्रावणातली पौर्णिमा होती, म्हणजे आपल्याकडची नारळी पौर्णिमा, राखीचा दिवस. मानलेल्या बहिणीकडून राखी बांधून घ्यायला तंट्या गणपतच्या घरी आला. घरात आणि आसपास होळकर संस्थानचे शिपाई आधीच दबा धरून बसले होते. गणपतने त्याला आत नेलं आणि शिपायांनी झडप घातली.

अकरा वर्षं तीन कारभारांना जे जमलं नव्हतं, ते एका राखीच्या धाग्याने जमलं.

ही गोष्ट भिल्ल वस्त्यांमध्ये आजही सांगितली जाते तेव्हा गणपतचं नाव विसरलं जात नाही. खाज्या नाईक दग्याने गेला, तंट्याही दग्याने गेला. समोरासमोर आम्ही हरलो नव्हतो, असं सांगण्याची ही लोकांची पद्धत आहे.

जबलपूर

तंट्याला बेड्या घालून आधी इंदूरला आणि मग जबलपूरला नेण्यात आलं. वाटेत त्याला बघायला गर्दी लोटली. अकरा वर्षं ज्याचं फक्त नाव ऐकलं होतं, तो माणूस दिसतो कसा हे लोकांना बघायचं होतं. मंत्राने गायब होणारा, गोळी न लागणारा तंट्या प्रत्यक्षात एक उतारवयाकडे झुकलेला माणूस होता.

जबलपूरच्या सत्र न्यायालयात खटला चालला. १९ ऑक्टोबर १८८९ रोजी फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. बातमी देशाबाहेर गेली. १० नोव्हेंबर १८८९ च्या न्यूयॉर्क टाइम्सने तंट्याच्या अटकेची बातमी छापली आणि त्याला हिंदुस्थानचा रॉबिनहूड ठरवलं. सातपुड्यातल्या एका कुळाचं नाव अमेरिकेतल्या वाचकाने वाचलं, तेव्हा त्याच्या आयुष्याचे जेमतेम चोवीस दिवस उरले होते.

४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूरला तंट्याला फाशी देण्यात आली.

सरकारी फाईल इथे बंद झाली. लोकांची गोष्ट इथून सुरू झाली.

पाताळपाणीला नेमकं काय आहे?

लोक सांगतात की फाशीनंतर तंट्याचा देह पाताळपाणीजवळ रेल्वेमार्गावर टाकून देण्यात आला. त्यानंतर तिथे अपघात होऊ लागले. मग लोकांनी मामाचं ठाणं बसवलं, गाडी तिथे थांबून सलाम करू लागली आणि अपघात बंद झाले.

जबलपूर आणि पाताळपाणी यांच्यात रेल्वेने शेकडो किलोमीटरचं अंतर आहे. फाशी दिलेल्या कैद्याचा देह इतक्या लांब आणून टाकायचं कारण काय, हा प्रश्न पडतोच. आणि गाडी थांबण्याचं तांत्रिक कारण तर वर सांगितलंच आहे. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासल्याशिवाय गाडी सोडणं धोक्याचं होतं. थांबली नाही तर दरीत जाईल, हे लोकांचं म्हणणं रेल्वेच्या नियमातही बसतं, फक्त कारण वेगळं.

मग लोकांनी हीच जागा का निवडली? या रेल्वेचा इतिहास बघितला की थोडा अंदाज येतो. इंदूरला मुंबईच्या मार्गाशी जोडणारी ही लाईन १८७० च्या दशकात झाली. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी त्यासाठी इंग्रज सरकारला १ कोटी रुपयांचं कर्ज दिलं होतं, साडेचार टक्के व्याजाने आणि १०१ वर्षांच्या मुदतीने. ज्या वर्षांत तंट्याची जमीन गेली आणि तो तुरुंगाच्या फेऱ्या मारत होता, त्याच वर्षांत त्याच्या डोंगरातून हे रूळ टाकले जात होते. रेल्वे आली, तारा आल्या, पोलिसांच्या हालचाली वेगवान झाल्या. या डोंगरात सरकार म्हणजे काय, ते रेल्वेइतकं ठळक दुसऱ्या कशातच दिसत नव्हतं.

त्या सरकारने तंट्याला फाशी दिली आणि त्याच सरकारची गाडी रोज त्याच्या ठाण्यासमोर थांबायची. ब्रेकसाठी थांबते हे तिथल्या माणसांना कळत नसेल असं समजण्याचं कारण नाही. पण कोर्टात जो न्याय मिळाला नाही तो लोकांनी त्या थांब्यात शोधला.

तंट्याच्या नावाने पाताळपाणीला मंदिर आहे. दरवर्षी ४ डिसेंबरला तिथे मेळा भरतो. २०२१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने पाताळपाणी स्टेशनला तंट्या मामाचं नाव देण्याची घोषणा केली. खरगोनला २०२४ मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठाचं नाव क्रांतिसूर्य तंट्या भिल्ल विद्यापीठ आहे. मराठीत बाबा भांड यांनी तंट्यावर कादंबरी लिहिली, तिचं नावही तंट्याच. ज्याला सरकारने फासावर चढवलं, त्याच्या नावाच्या शिक्क्याने आता पदव्या मिळतात.

वीर कुणाचा, हा वाद आयर्लंडमध्येही आहे

मेलेला वीर नंतर कुणाच्या कामाला येतो, याचं एक मोठं उदाहरण आयर्लंडमध्ये आहे. तिथल्या पुराणकथांमध्ये कू खुलिन नावाचा योद्धा आहे. मूळ नाव सेटांटा. लहानपणी त्याच्या हातून कुलन नावाच्या लोहाराचा राखणदार कुत्रा मेला. मग पोराने स्वतःच राखण करायचं कबूल केलं आणि त्याचं नाव पडलं कुलनचा कुत्रा, म्हणजे कू खुलिन. पुढे अल्स्टर प्रांतावर फौज चालून आली तेव्हा त्याने एकट्याने ती अडवून धरली. मरताना त्याने स्वतःला एका उभ्या दगडाला बांधून घेतलं, कारण त्याला उभ्यानेच मरायचं होतं. त्याच्या खांद्यावर पक्षी येऊन बसेपर्यंत जवळ जायची शत्रूची हिंमत झाली नाही.

१९१६ मध्ये आयरिश लोकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. त्याचं केंद्र डब्लिनचं मुख्य पोस्ट ऑफिस होतं. तिथे त्या उठावाचं स्मारक म्हणून आज याच मरणाऱ्या कू खुलिनचा पुतळा उभा आहे. पण उत्तर आयर्लंडमध्ये ज्यांना ब्रिटनसोबतच राहायचं आहे, त्यांच्यातल्या काहींनीही हाच वीर भिंतींवर रंगवला. का? तर त्याने अल्स्टरचं रक्षण केलं होतं. एकच वीर, दोन विरोधी बाजू आणि दोघांचाही दावा खरा.

कू खुलिन पुराणातला, तंट्या इतिहासातला. तंट्याला जन्मसाल आहे, खटला आहे, फाशीची तारीख आहे. तरी दोघांच्या बाबतीत पुढची गोष्ट सारखीच घडली. तंट्याला कुणी स्वातंत्र्यसैनिक म्हणतं, कुणी हिंदू धर्माचा रक्षक म्हणतं, कुणी जल-जंगल-जमिनीच्या लढ्याचा नायक म्हणतं. मध्य प्रदेशात त्याच्या जयंती-पुण्यतिथीला सगळ्या पक्षांचे नेते हार घेऊन येतात. त्याने तात्या टोपेंकडून गनिमी कावा शिकला, असंही सांगितलं जातं. तात्या टोपेंना १८५९ मध्ये फाशी झाली तेव्हा तंट्या जेमतेम सतरा वर्षांचा होता आणि त्याचं फरारी आयुष्य सुरू व्हायला अजून जवळपास वीस वर्षं होती. दोन नावं एकसारखी असल्यामुळेही दोन गोष्टी एकमेकींना चिकटतात.

मग खानदेशात तो घरचा का वाटतो?

या सगळ्या दाव्यांमध्ये एक गोष्ट मागे पडते. तंट्याचं भांडण सुरू झालं होतं पोखरच्या जमिनीवरून. आणि ती गोष्ट खानदेशातल्या माणसाला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

खानदेशात मालगुजारी नव्हती, रयतवारी होती. म्हणजे जमीन कसणाऱ्याच्याच नावावर. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण नावावर जमीन आली म्हणजे ती गहाण टाकता येते, आणि गहाण टाकता येते म्हणजे जाते. तापीकाठची काळी कसदार जमीन भिल्लांच्या हातून कर्जात, अंगठ्यात आणि वहीत गेली. जमिनीचा मालक त्याच जमिनीवर सालदार झाला. निमाडात वाट वेगळी होती, इथे वेगळी. पोचली एकाच ठिकाणी.

तंट्याला फाशी होऊन ८० वर्षं झाली, देश स्वतंत्र झाला, तरी शहादा-तळोद्यात हेच भांडण पेटलेलं होतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अंबरसिंग महाराजांनी भिल्लांना संघटित केलं. १९७२ मध्ये शहाद्याला भूमुक्ती मेळावा झाला, श्रमिक संघटना उभी राहिली आणि गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी लोक रस्त्यावर उतरले. या वेळी हत्यार होतं मोर्चा, संप आणि सातबारा. महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा १९७४ चा. जंगलातल्या कसणाऱ्याचा हक्क मान्य करणारा वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. म्हणजे १८७८ च्या वन कायद्यानंतर तब्बल १२८ वर्षांनी.

आणि आजही वनहक्काचे दावे मंजूर व्हावेत म्हणून नंदुरबारच्या सातपुड्यातली माणसं कागद घेऊन कार्यालयांच्या पायऱ्या चढतात. पुरावा काय, तर कसत आलो आहोत. कागद कुठे आहे, हा प्रश्न तंट्यालाही विचारला गेला होता.

म्हणून ९ ऑगस्टच्या मिरवणुकीत तो फोटो असतो. तंट्याने जमीन परत मिळवली म्हणून नाही. त्याला ती कधीच परत मिळाली नाही. त्याला हयातीत ना माफी मिळाली, ना न्याय. पण जमीन गेल्यावर गप्प बसून सालदारकी करणं हा एकच रस्ता नाही, हे त्याने अकरा वर्षं जगून दाखवलं. त्याच्या हातचे दरोडे, सूड, कापलेली नाकं हे सगळं धरूनही लोकांनी त्याच्या आयुष्यातली एवढी एक गोष्ट जपून ठेवली.

पाताळपाणीची मीटरगेज गाडी आता पूर्वीसारखी खंडव्यापर्यंत जात नाही. पाताळपाणी ते कालाकुंड या टप्प्यावर २०१८ पासून पर्यटकांसाठी हेरिटेज गाडी सुरू झाली. पर्यटक धबधब्याचे फोटो काढतात आणि कुणीतरी त्यांना सांगतं की गाड्या इथे मामाला सलाम करायला थांबायच्या. ब्रेकची गोष्टही खरीच आहे. पण ब्रेकसाठी भारतात इतर घाटांतही गाड्या थांबतात. त्यातल्या एकाच ठिकाणच्या थांब्याला लोकांनी स्वतःच्या माणसाचं नाव दिलं, आणि पोखरच्या जमिनीचा निकाल आपल्यापुरता तिथे लावून टाकला.